त्या कापसाला मूळ आहे का, ते आधी बघा

गेल्या वैशाखात मी गावी होतो. कांदा काढून रानात पडला होता आणि आठ-दहा बाया पात कापायला बसल्या होत्या. दुपारचे साडेतीन झाले असतील. ऊन असं, की लिंबाच्या सावलीतही अंग चिकचिकत होतं. तेवढ्यात लांब कुठेतरी पोटात गुरगुरावं तसा आवाज झाला. मी वर पाहिलं, शेजारच्या नानांनीही पाहिलं. डोक्यावर आभाळ निळंच होतं. फक्त पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखा पांढरा, पातळ ढग पसरत आला होता.

"हा कसला पाऊस देतोय? हा वरचा ढग. एवढा वाफा उरकू, मग बघू," नाना म्हणाले.

नानांचं अर्धं बरोबर होतं. वरचा ढग पाऊस देत नाही. पण त्या कापसाला मूळ होतं, आणि ते टेकडीच्या पलीकडे असल्यामुळे आम्हाला दिसत नव्हतं. थोडी घासाघीस झाली, कांद्यावर ताडपत्री ओढली आणि बाया वस्तीवर आल्या. पंधरा-वीस मिनिटांत बांधावरच्या त्याच लिंबावर वीज पडली. बुंध्याची साल वरपासून खालपर्यंत पट्टी सोलावी तशी निघाली होती. तोवर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

विजेबद्दलच्या सूचना आपण दर उन्हाळ्यात वाचतो. झाडाखाली थांबू नका, मोकळ्या रानात उभे राहू नका. त्या बरोबरच आहेत. पण माणसं मरतात ती बहुतेक सूचना ठाऊक नसल्यामुळे नव्हे, "अजून वेळ आहे" असं वाटल्यामुळे. वेळ आहे की नाही हे आभाळ बऱ्यापैकी सांगतं, आणि त्यातही सगळ्यात आधी सांगतात ते वरचे ढग.

सगळ्यात उंचावरची मंडळी

ढगांना आज आपण जी नावं देतो त्यांची सुरुवात १८०२ साली झाली. लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषध व्यावसायिकाने एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावं दिली. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर आणि निम्बस म्हणजे पावसाचा ढग. ही नावं एकमेकांना जोडत गेलं की बाकीची तयार होतात. शाळेच्या भूगोलात ती पाठ करताना आपला जीव जातो, पण मुळात ती अगदी साधी वर्णनं आहेत.

आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ६ किलोमीटरपासून १८ किलोमीटरपर्यंतच्या ढगांना उंचावरचे ढग म्हणतात. मे महिन्यात महाराष्ट्रावर साधारण ५ किलोमीटरच्या आसपास तापमान शून्यावर येतं. त्यामुळे त्याच्या बरंच वर असलेले हे ढग जवळजवळ सगळे बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. खाली आपण ४२ अंशांत भाजत असतो आणि डोक्यावर बर्फ तरंगत असतो.

यातला पहिला सिरस. पिसासारखा, केसांच्या बटेसारखा, कधी शेवटाला आकडा वळलेला. त्या लांब शेपट्या म्हणजे खाली पडत असलेले बर्फकण. पडता पडता ते कोरड्या हवेत विरून जातात, आणि वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळा असल्यामुळे त्यांची रेघ तिरकी ओढली जाते. सूर्य मावळल्यावर खालचे ढग काळवंडतात तरी हे गुलाबी राहतात, कारण तेवढ्या उंचीवर ऊन अजून पोहोचत असतं.

दुसरा सिरोस्ट्रेटस. हा इतका पातळ पडदा असतो की पुष्कळदा ढग आहे हेच कळत नाही. आभाळ जरा दुधाळ दिसतं एवढंच. रात्री मात्र तो पकडला जातो, कारण चंद्राला खळं पडतं. सहा बाजूंच्या बर्फस्फटिकांतून प्रकाश वाकतो, तो मुख्यतः २२ अंशांच्या आसपास, म्हणून हे मोठं कडं नेहमी एकाच मापाचं असतं. हात पूर्ण लांब करून वीत ताणा. अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवलं तर करंगळी बरोबर खळ्यावर येते. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं छोटं रंगीत वर्तुळ वेगळं. ते बहुतेकदा पाण्याच्या थेंबांमुळे पडतं. खळं पडलं की पाऊस येतो असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण मोठ्या पावसाळी यंत्रणेच्या पुढे हा पडदा बऱ्याचदा येतो. पण नुसता पडदा येऊन निघून जाण्याचेही दिवस पुष्कळ असतात.

तिसरा सिरोक्युम्युलस, बारीक दाण्यांचा, माशाच्या खवल्यांसारखा. हा आणि मधल्या उंचीवरचा आल्टोक्युम्युलस यांत गल्लत होते. त्यावर सोपी युक्ती आहे. हात लांब करून करंगळी धरा. ढगाचा एकेक दाणा करंगळीच्या रुंदीत झाकला गेला तर तो सिरोक्युम्युलस. दाणा त्याहून मोठा असेल आणि तीन बोटांत मावत असेल तर तो मधला. विमानाच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांनाही २०१७ पासून जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या अ‍ॅटलासमध्ये सिरसच्या कुळात जागा मिळाली आहे.

हे तिघेही निरुपद्रवी. यांच्याखाली उभं राहून वीज पडत नाही. मग नानांच्या रानावर आलेल्या ढगाचं काय?

चुलीचा धूर छताला लागतो तेव्हा

जुन्या घरात चूल पेटवली की धूर सरळ वर जातो, छताला लागतो आणि मग आडवा पसरतो. गडगडाटी ढगाचं तेच होतं.

सकाळपासून जमीन तापते. तिला लागून असलेली दमट हवा गरम होऊन वर सुटते. वर गेली की ती गार होते, तिच्यातली वाफ थेंबांत बदलते आणि त्या बदलात उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. म्हणजे हा ढग स्वतःचं इंधन स्वतःबरोबर वर नेत असतो. दुपारी एक वाजता दिसणारे फुलकोबीसारखे पांढरे ढग तीन-साडेतीनला मनोऱ्याएवढे झालेले असतात. एखादा ढग तर अर्ध्या-पाऊण तासात डोळ्यांदेखत उभा राहतो. याचं नाव क्युम्युलोनिम्बस. आपण त्याला गडगडाटी ढग म्हणू.

आपल्याकडे अशा ढगाचा माथा १५-१६ किलोमीटरवर जाऊ शकतो. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटर उंच आहे. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवरून जातात आणि अशा ढगाला वळसा घालतात. एवढ्या उंचीवर त्याला छत लागतं. त्या छताच्या वर हवा गार होत जायची थांबते आणि पुढे उलट गरम होत जाते. त्यामुळे खालून आलेल्या हवेचा जोर तिथे संपतो. वर जायला वाट नाही म्हणून ती आडवी पसरते, आणि तिच्याबरोबर बर्फाचे स्फटिकही पसरतात. लांबून पाहिलं तर लोहाराच्या ऐरणीसारखा आकार दिसतो. खाली जाड खोड, वर सपाट माथा, आणि वरच्या वाऱ्याच्या दिशेने लांब ओढलेलं टोक.

ते लांब ओढलेलं टोक म्हणजेच नानांचा कापूस. बर्फाचा, उंचावरचा, दिसायला थेट सिरससारखा. ढगांच्या वर्गीकरणातही तो सिरसच मानतात, फक्त गडगडाटी ढगापासून जन्मलेला अशी त्याच्यापुढे नोंद असते. दहा-वीस, कधी त्याहून जास्त किलोमीटरपर्यंत हे टोक खोडाच्या पुढे जातं. टेकडी, इमारती, झाडी मध्ये आली की खोड दिसत नाही आणि आपल्याला फक्त वरचा शांत पांढरा पदर दिसतो.

साधा सिरस कोणता आणि ऐरणीचा पदर कोणता? मी चार गोष्टी बघतो. साधा सिरस आभाळभर विखुरलेला असतो. ऐरणीचा पदर एकाच बाजूने येतो आणि त्या बाजूला जाड होत जातो. त्याची कड पुष्कळदा ठळक असते, सुरीने कापल्यासारखी. तो वाढतो भराभर. चहा प्यायच्या आधी क्षितिजावर होता आणि चहा संपेपर्यंत सूर्य झाकला, इतका. चौथी गोष्ट वेळ. मार्च ते जून, दुपारी दोननंतर, सकाळपासून घाम वाळत नसेल अशा दिवशी एका बाजूने पांढरा पदर आला तर मी त्याला सिरस समजत नाही. त्या पदराच्या पोटाला गाईच्या आचळांसारखे गोल फुगे लोंबताना दिसले तर शंकाच उरत नाही. या फुग्यांना मॅमॅटस म्हणतात. ते स्वतः काही करत नाहीत, पण जवळपास दांडगा ढग असल्याची ती खूण असते.

आषाढ-श्रावणात हे सगळं फारसं दिसत नाही. तेव्हाचे ढग ठेंगणे आणि थरांचे असतात. घाटात दिवस दिवस कोसळेल, पण गडगडाट क्वचित. वळीव, मृगाची सुरुवात आणि परतीचा पाऊस हे खरे विजेचे दिवस. हस्ताचा पाऊस आला की आजही आमच्याकडे "हत्ती गरजतोय" म्हणतात. एकीकडे पाटावर हत्ती काढून पोरी भोंडल्याचा फेर धरतात आणि दुसरीकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. रानात माणसंच माणसं, आणि वर हत्ती.

बर्फाच्या घर्षणातून वीज

ढगाच्या मधल्या भागात तीन गोष्टी एकत्र घुमत असतात. शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही न गोठलेलं पाणी, बर्फाचे हलके स्फटिक, आणि साबुदाण्यासारख्या मऊ गारा. स्फटिक वर उडत असतात, गारा जडपणाने खाली येत असतात, आणि दोघांच्या टकरा होतात. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं तसं इथे टकरीत विद्युतभार इकडचा तिकडे जातो. साधारणपणे गारांवर ऋण भार साठतो आणि तो ढगाच्या मधल्या-खालच्या भागात राहतो. स्फटिकांवर धन भार साठतो आणि तो वर जातो, माथ्याकडे आणि ऐरणीत.

म्हणजे तो शांत दिसणारा पांढरा पदर भार घेऊन फिरत असतो.

जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ढगाच्या खालच्या-मधल्या ऋण भारातून येतात. थोड्या विजा मात्र वरच्या धन भारातून येतात. त्यांना जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून त्या जास्त ताकदीच्या असतात आणि पावसाच्या पट्ट्यापासून लांब, कोरड्या जागी पडू शकतात. काही विजा ढगाच्या कुशीतून बाहेर पडून आडव्या धावतात आणि मग खाली उतरतात. दोन्ही प्रकारांत खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर निळं आभाळ असू शकतं. ढगाच्या मुख्य भागापासून १०-१५ किलोमीटर लांब वीज पडू शकते. गडगडाट ऐकू येतो तोही साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत. म्हणून गडगडाट कानावर आला याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पाऊस असो, नसो.

वीज आणि आवाज यांमधले सेकंद मोजून अंतर काढायची रीत आपण लहानपणी शिकलो. आवाज एका किलोमीटरला साधारण ३ सेकंद घेतो, म्हणून सेकंदांना तिनाने भागायचं. गंमत म्हणून ठीक आहे. पण १५ सेकंद आले, म्हणजे वीज पाच किलोमीटर लांब आहे, असं म्हणत रानात थांबणं हा शुद्ध वेडेपणा. ते मागच्या विजेचं अंतर झालं. पुढची कुठे पडेल हे त्या गणितात नाही. मी तर म्हणतो, मोजत बसूच नका. ऐकू आलं की निघा.

या विजा किती लांबलचक असू शकतात हे बघायचं तर अमेरिकेच्या मैदानी भागातली २२ ऑक्टोबर २०१७ ची वीज आठवावी. ढगांतून आडवी धावलेली ती एकच वीज ८२९ किलोमीटर लांब होती, आणि जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये तो विक्रम म्हणून नोंदवला. मुंबई ते नागपूर जुन्या रस्त्याने जवळपास तेवढंच अंतर आहे.

नुसती वीजच नाही

वळवाआधी येणारी गार झुळूक आपल्याला फार आवडते. मातीचा वास, अंगावर शहारा. पण ती येते कुठून? पाऊस आणि गारा पडताना त्यांच्याबरोबर हवा खाली ओढली जाते. काही थेंब वाटेत वाळतात, त्यामुळे ती हवा आणखी गार आणि जड होते. पाण्याची बादली फरशीवर उपडी करावी तशी ही हवा जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. त्या पसरणाऱ्या हवेची पुढची कड म्हणजे आपली झुळूक. ढग अशक्त असेल तर झुळूक, दांडगा असेल तर वादळ.

१३ मे २०२४ ला मुंबईकरांनी हे पाहिलं. दुपारी आधी धुळीची भिंत आली, मग वारा, मग पाऊस. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. बरेच जण पावसापासून आडोसा म्हणून तिथे थांबले होते. फलक तेवढा मोठा का होता हा वेगळा प्रश्न आहे. इथे सांगायचं ते एवढंच, की ऐरण दिसल्यावर आडोसा निवडताना वर काय आहे हेही बघायचं. फलक, जुनं झाड, मोडकळीला आलेली भिंत, उडायच्या बेतात असलेले पत्रे.

गारांचं गणितही याच ढगात. वर चढणारा वारा जितका जोरकस, तितकी गार जास्त वेळ तरंगत राहते आणि न गोठलेलं पाणी तिच्यावर थरांवर थर चढवतं. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट द्राक्षवाल्यांना आणि गहू-हरभरावाल्यांना वेगळी सांगायला नको. डोक्याला पाटी, घमेलं, पोतं, जे मिळेल ते धरून पक्क्या छपराखाली जायचं, यापलीकडे गारपिटीत फार काही करता येत नाही.

माणसापर्यंत वीज पोहोचते कशी

आपल्या डोळ्यासमोर चित्र असतं ते वरून थेट डोक्यावर पडणाऱ्या विजेचं. तसं होतं, पण त्याचं प्रमाण थोडं. वीज पडते झाडावर, खांबावर किंवा जमिनीवर, आणि तिथून माणसापर्यंत पोहोचते.

झाडाखाली उभं राहिलात तर दोन वाटा आहेत. एक, बुंध्यातून उतरणारी वीज मध्येच उडी मारून तुमच्या अंगातून जाते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसाचं शरीर तिला सोपं. दुसरी, वीज मुळांपाशी जमिनीत शिरते आणि पाण्यात दगड टाकल्यावर तरंग जातात तशी चहूकडे पसरते. जवळच्या जमिनीवर विजेचा दाब जास्त, लांब कमी. तुमचा एक पाय जवळ आणि दुसरा लांब असेल तर त्या फरकाने प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. पाय जितके फाकलेले, तितका फरक मोठा. जनावरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि मध्ये काळीज असतं, म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागीच जाते. नॉर्वेत ऑगस्ट २०१६ मध्ये एका डोंगराळ पठारावर वादळात कळपाने गोळा झालेली ३२३ रेनडिअर अशीच एका ठिकाणी मरून पडलेली सापडली होती.

आता समजुतींकडे. पायाळू माणसावर वीज पडते, ही आपली फार जुनी. माझी एक आत्या पायाळू. आभाळ भरून आलं की तिला घरात कोंडत, आणि बाकीचे खुशाल कैऱ्या वेचायला पळत. विजेला कुणाच्या जन्माशी काही घेणं नाही. ती बघते उंची, टोकदारपणा आणि एकटेपणा. या समजुतीचा खरा तोटा आत्याला झालाच नाही. जे स्वतःला पायाळू नाही म्हणून निर्धास्त समजत होते त्यांचा झाला असता. वळवाच्या वाऱ्यात आंब्याखाली कैऱ्या वेचणारी पोरं, हे चित्र आपल्याला कितीही गोड वाटो, मला आता ते बघवत नाही.

रबरी चपलेने वीज थांबते, हीही तशीच. जी वीज दोन-चार किलोमीटर हवा फोडून येते ती अर्ध्या इंचाच्या रबराला काय भीक घालणार! मोबाइलने वीज ओढली जाते, हेही नाही. हातातला मोबाइल हा दोष नव्हे, तो घेऊन गच्चीवर ढगाचा व्हिडिओ काढत उभं राहणं हा दोष. आणि एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला विचारावं. तिच्यावर वर्षाला वीसेक वेळा पडते.

मग जायचं कुठे

पक्क्या घरात. ज्याला वायरिंग आहे, नळ आहेत, चार भिंती आहेत. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीची इमारत चालते. वीज अशा घरावर पडली तरी ती भिंतीतल्या तारा-पाइपांतून जमिनीत जाते. म्हणूनच आत असताना नळ, शॉवर, भांडी घासणं आणि भिंतीला जोडलेली उपकरणं टाळायची. टीव्ही-फ्रिजचे प्लग काढायचे असतील तर वादळ लांब असतानाच. वर कडाडत असताना प्लगला हात नको. खिडकीत आणि गॅलरीत उभं राहून बघणंही नको.

दुसरी चांगली जागा म्हणजे वरून-खालून पत्रा असलेली बंद गाडी. कार, जीप, एसटी. इथेही टायरचा संबंध नाही. वीज बाहेरच्या पत्र्यावरून फिरून जमिनीत जाते, आतली माणसं वाचतात. काचा वर, हात मांडीवर. एसटी चालते, पण एसटीचा थांबा चालत नाही. तसंच उघडा ट्रॅक्टर, दुचाकी, मळ्यातली खोपी, चारी बाजूंनी मोकळं पत्र्याचं शेड आणि शेततळ्याचा काठ, यांतलं काहीच चालत नाही. दुचाकीवर असाल तर पुलाखाली गर्दी करण्यापेक्षा जवळचं हॉटेल, दुकान, कुणाचंही घर गाठा. असल्या वेळी दार कुणी लावून घेत नाही.

रानात अडकलात आणि घर लांब आहे, तर निदान सगळ्यात उंच वस्तू तुम्ही नसाल आणि सगळ्यात उंच वस्तूच्या शेजारीही नसाल एवढं बघा. उंचवटा सोडा, पाण्यापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब व्हा, खांद्यावरची कुदळ आणि छत्री खाली टाका. घोळका करू नका, अंतर ठेवून चला. म्हणजे एकाला काही झालं तर दुसरा मदतीला उरतो. केस उभे राहिले किंवा अंगाला मुंग्या आल्या तर दोन्ही पाय जोडून, चवड्यांवर उकिडवं बसा, डोकं खाली, कान झाका. आडवं पडायचं नाही. पण या बसण्यावर भरवसा ठेवून रानात थांबू नका. उघड्यावर सुरक्षित जागा नसते. हे फक्त काहीच उरलं नाही तेव्हाचं.

खरा उपाय सकाळीच करायचा असतो. भारतीय हवामान विभाग जिल्ह्यांना पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतो, आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फुकट आहे. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडतायत का, ते त्यात दिसतं. इशारा असलेल्या दिवशी कांद्यावर, बेदाण्याच्या शेडवर ताडपत्री दुपारी बारालाच टाकून ठेवावी आणि शेळ्या जवळच्या रानात चाराव्यात. कारण वीज पडून जाणाऱ्यांत माल झाकायला, जनावर सोडायला, गच्चीवरचे कपडे काढायला धावलेली माणसं असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्या वर्षी नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंत एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या विजेचा होता.

पडलेला माणूस

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावता येतो, आणि लगेच लावायला हवा. आपल्याकडे पुष्कळदा लोक भीतीने लांब उभे राहतात, कुठे कुठे अंगावर शेण-माती लिंपतात, आणि तीच मिनिटं मोलाची असतात. विजेचा धक्का हृदय बंद पाडतो, श्वास थांबवतो, पण पुष्कळदा शरीराची बाकी मोडतोड झालेली नसते. एकाच वेळी तिघे-चौघे पडले असतील तर इतर अपघातांच्या उलट करायचं. जो कण्हतोय, हलतोय तो बहुधा वाचेल. जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. १०८ ला फोन लावायला एकाला सांगा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० अशा गतीने दाबत राहायचं. थकलात तर माणूस बदला, पण अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. वादळ अजून डोक्यावर असेल तर आधी त्याला आणि स्वतःला आडोशाला न्या.

वादळ निघून जातं तेव्हा आणखी एक घोटाळा होतो. पाऊस थांबतो, पश्चिमेला ऊन फाकतं, आणि पूर्वेकडे सरकणाऱ्या ऐरणीचं पोट सोनेरी, मग केशरी होतं. मॅमॅटसचे फुगे उजळतात. वर्षातलं सगळ्यात देखणं आभाळ असतं ते, आणि गावच्या गाव अंगणात येतं. त्या दिवशी नानाही निघाले होते, भिजलेल्या कांद्याची ताडपत्री काढायला. मी त्यांना ओट्यावर धरून बसवलं. ऐरणीचा पदर अजून डोक्यावर होता आणि तो भाराने रिकामा झाला की नाही हे खालून कळत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं थांबायचं. मध्ये पुन्हा वाजलं की मोजणी पहिल्यापासून. आम्हाला त्या संध्याकाळी तीनदा पहिल्यापासून मोजावं लागलं. नाना चिडचिड करत दुसरा चहा प्यायले.